शिवडीची वही: पाखरं की पाणी

काम: शिवडी जेट्टीसमोरच्या चिखलावर ऑगस्ट ते ऑक्टोबर कोणते किनारपक्षी कधी उतरतात ते मोजणं.
माणसं: मी आणि भाची (बारावी, म्हणजे ती येईल तेव्हा येईल).
सामान: दुर्बीण, उसना आणलेला स्पॉटिंग स्कोप, ट्रायपॉड, बोटाने दाबायचा क्लिकर, दोनशे पानी वही.
वेळ: दर रविवारी सकाळी साडेसात ते नऊ. (ही ओळ नंतर खोडली. का, ते पुढे येईल.)

१० ऑगस्ट २०२५, रविवार

काल राखी पौर्णिमा झाली. काळाचौकीहून चालत निघालो, सात वीसला जेट्टीवर. शिवडी स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की ट्रकांची रांग, काळी धूळ, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि मग एकदम खाडी. डोक्यावर अटल सेतू. जानेवारी २०२४ मध्ये तो सुरू झाला, पण मला अजून त्याची सवय झालेली नाही. नजर आधी खांबांना अडते आणि मग पाण्याकडे जाते.

पाणी पार मागे गेलेलं. समोर नुसता चिखल आणि उगवतीचं ऊन नेमकं डोळ्यांत. जेट्टीचं तोंड पूर्वेला आहे हे माहीत असूनही सकाळ निवडली, कारण रविवारी सकाळी घरात कुणी काही विचारत नाही. पक्षी आहेत, पण लांब, पाण्याच्या कडेने पसरलेले. ठिपके. स्कोप लावला तर ठिपक्यांचे मोठे ठिपके झाले, तेही वाफेत हलणारे.

जवळ होते ते पाच चिखल्या. पावलापुरती धाव, थबकणं, मान तिरकी करून बघणं, टोच मारणं, पुन्हा धाव. दोघांच्या छातीवर अजून विटकरी पट्टा आहे. हा विणीचा पोशाख. लडाख-तिबेटच्या पठारावर घातलेला, इथे येईपर्यंत विरलेला. लेसर सँडप्लोव्हर या जुन्या नावाचे जाणकारांनी दोन-तीन वर्षांपूर्वी दोन तुकडे केले, आपल्याकडचा तो तिबेटी. मी वहीत ‘चिखल्या’च लिहितो. तो जिथे असतो तेच त्याचं नाव, आणखी काय हवं?

ऑगस्टात येतात ते बहुतेक प्रौढ. पिल्लं मागून येतात.

एकूण ६४.

१७ ऑगस्ट, रविवार

काल दहीहंडी, आज सरीवर सर. भाची आली नाही. छत्री मानेत धरून दुर्बीण लावणं हा प्रकार कुणी करू नये.

पण काय दिवस! पाणी निम्म्यावर, उघड्या चिखलाचा अरुंद पट्टा आणि त्यावर सगळी गर्दी. काळ्या शेपटीचे गॉडविट गुडघाभर पाण्यात, चोच मुळापर्यंत चिखलात खुपसून शिलाई मशिनसारखे चाललेले. टिवटिवत सगळ्यांना घाबरवणारे लाल पायांचे टिलवे. कडेला दोन शेकाट्या, लांब गुलाबी पायांवर उगाच नाजूक चालत.

एकूण ४१०. वहीत लिहिलंय: ‘पहिली लाट आली!!’ उद्गारचिन्हं दोन. ठेवतो, खोडत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

८१.

लाट गेली कुठे? पुन्हा लांबचे ठिपके. भाची म्हणाली, “मामा, ते पुढे दक्षिणेला गेले असतील.” मलाही ते पटलं. काही पक्षी इथे मुक्कामाला येतात, काही चार दिवस पोट भरून पुढे जातात, हे खरंच आहे. तसं वहीत लिहूनही टाकलं.

पक्षी नव्हते म्हणून चिखलाकडे पाहिलं. जेट्टीच्या पायऱ्यांखाली निवट्या (चिखलावर चालणारे मासे) पंखांसारख्या परांवर रेटत चालल्या होत्या. दोघी समोरासमोर आल्या की पाठीवरचा पडदा उभा करायचा, तोंड उघडायचं, आणि मग दोघींनी आपापल्या डबक्यात पडायचं. एकच डेंगा मोठा असलेले खेकडे बिळाच्या तोंडाशी तो डेंगा हलवत बसले होते, ये ये केल्यासारखे. तेवढ्यात एक मध्यम कुरल आला. वाकड्या चोचीने खेकडा उचलला, झटकून झटकून डेंगा तोडला, बाकीचा गिळला. तुटलेला डेंगा चिखलात पडून राहिला.

होडी ओढत असलेले एक काका बराच वेळ आमच्याकडे बघत होते. काही बोलले नाहीत.

३१ ऑगस्ट, रविवार

आज गौरी आवाहन. “घरी गौरी यायच्या आणि तू चिखलात,” इति आई. साडेनऊच्या आत परत यायच्या बोलीवर सुटका.

३७६. लाट परत! दर पंधरा दिवसांनी लाट येते असा माझा शोध भाचीला समजावून सांगत होतो, तेव्हा ते होडीवाले काका जवळ आले. कोळीवाड्यातले, साठीच्या पुढचे. वही मागितली, आकडे बघितले, तारखा बघितल्या आणि हसले.

“तुमी पाखरा नाय मोजत, पानी मोजताव.”

मला काही कळलं नाही. त्यांना घाई होती, मला गौरी होत्या.

७ सप्टेंबर, रविवार

मोजणी नाही. काल अनंत चतुर्दशी. लालबाग-परळला राहणाऱ्या माणसाने आज पक्षी मोजायला जावं अशी कुणाची अपेक्षाही नसते.

दुपारी अख्खी चाळ टीव्हीसमोर. लालबागचा राजा सकाळीच गिरगाव चौपाटीला पोचलेला, पण भरती चढली आणि विसर्जन खोळंबलं. तासन् तास. पाणी उतरायची वाट बघत समुद्रात उभी असलेली मूर्ती, किनाऱ्यावर माणसंच माणसं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “आज पौर्णिमा ना, उधाण असणारच.”

उधाण.

उठलो आणि वही घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरखाली उभा राहिलो. १० ऑगस्ट, प्रतिपदा: ६४. १७ ऑगस्ट, नवमी: ४१०. २४ ऑगस्ट, प्रतिपदा: ८१. ३१ ऑगस्ट, अष्टमी: ३७६.

पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका ओळीत येतात. आज तर इतके नेमके, की रात्री खग्रास ग्रहण आहे. तेव्हा उधाण: भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. मुंबईत उधाणाची भरती दुपारी-मध्यरात्री बाराच्या पुढेमागे येते, म्हणजे सकाळी साडेसहा-सातला पाणी पार तळाला. पक्षी त्याच्यामागे किलोमीटरभर आत गेलेले. अष्टमी-नवमीला भांग: पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, आणि भरती येते सहा-सातला. साडेसातला मी पोचतो तेव्हा चिखलाचा पट्टा अरुंद आणि पक्षी नाकासमोर.

पक्षी बहुधा चारही रविवारी तितकेच होते, निदान तितके कमी-जास्त नव्हते. दर रविवारी त्याच घड्याळी वेळेला गेलो की आठवड्याआड उधाण, आठवड्याआड भांग. माझा आलेख म्हणजे चंद्राचा आलेख. महिनाभर काका जे एका नजरेत बघत होते ते मला समजायला बाप्पाला थांबावं लागलं.

‘दर रविवारी सकाळी साडेसात’ खोडलं.

१४ सप्टेंबर, रविवार

नवा नियम. घड्याळ बघायचं नाही. जेट्टीच्या उजव्या हाताला चिखलात रुतलेला एक गंजका बार्ज, म्हणजे सपाट बुडाची मालवाहू बोट, आहे. चढतं पाणी त्याच्या बुडाला टेकलं की मोजायला सुरुवात, अर्ध्या तासात संपवायचं. भांग असो, उधाण असो, पाण्याची कड तीच. काकांना दाखवला, म्हणाले, “बरोबर.” तेवढंच.

आज अष्टमी, संध्याकाळची भरती, म्हणून दुपारी गेलो. हार्बरला मेगाब्लॉक, पण मला चालतच यायचं असतं. भाचीची पंचाईत झाली, ती कुर्ल्याहून बसने आली. दुपारी यायचा आणखी एक फायदा: ऊन पाठीमागून. महिनाभर काळे दिसणारे पक्षी रंगीत निघाले!

त्यामुळे आज पहिल्यांदा वय बघता आलं. प्रौढ चिखल्याचा विटकरी पट्टा आता जवळजवळ गेला, पाठीची पिसं झिजलेली, कडा फाटलेल्या. पिल्लाची पिसं सगळी एकाच वेळी फुटलेली, त्यामुळे नवी कोरी. प्रत्येक पिसाला फिकट पिवळसर किनार, खवल्यांसारखी ओळीत. भाचीने सांगितलेली खूण जास्त चांगली: जुना युनिफॉर्म आणि जूनमधला युनिफॉर्म.

नीट दिसलेले चिखल्या ४०, त्यात पिल्लं ३. एकूण ५१८.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री अमावस्या. जेट्टीवर कावळ्यांची चंगळ.

भरतीची वेळ काढायचा काकांचा हिशेब: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. अमावस्येला पंधराची पाऊणपट, सव्वा अकरा. पंचांग घरात असलं की झालं. आज थोडा पुढेमागे पण कामापुरता बरोबर आला.

चिखल्या ५० पाहिले, पिल्लं ११. एकूण ६४०. बार्जशेजारी चपलांचा खच, त्यावर उभा एक छोटा टिलवा, एका निळ्या स्लिपरपेक्षा लहान. सैबेरियाच्या उत्तर टोकाहून आलेला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार, रात्री

मधल्या दोन रविवारी जमलं नाही. उद्या ऑक्टोबरातला दुसरा शनिवार, जागतिक स्थलांतरित पक्षी दिन. यंदाचा विषय पक्ष्यांना राहता येतील अशी शहरं. पूर्ण दिवस काढायचा: ओहोटीपासून भरतीपर्यंत आणि जमलं तर भरतीतही.

एक घोळ. उद्या पंचमी. पाऊणपट म्हणते पावणेचार. तक्ता बघितला तर भरती दोनच्या सुमाराची. पावणेदोन तासांच्या आसपास फरक. बसून वाचलं तेव्हा उलगडा झाला: पौर्णिमा-अमावस्येनंतर अष्टमीपर्यंत चंद्राची आणि सूर्याची ओढ वेगवेगळ्या बाजूंना असते, आणि दोघांची मिळून जी भरती बनते ती एकट्या चंद्राच्या वेळेआधी येते. हिशेब टोकाच्या तिथ्यांना चालतो, मधल्यांना घाई करावी लागते. काकांना विचारलं असतं तर त्यांनी हेही सांगितलं असतं बहुतेक. मी अर्धंच विचारलं होतं.

११ ऑक्टोबर, शनिवार

८.१० शिवडी किल्ल्यावर. १६८० मध्ये बांधलेला, इंग्रजांना खाडीवर नजर ठेवायला. आज आम्हालाही त्यासाठीच हवा होता. पाणी तळाला. चिखल तपकिरी नाही, त्यावर हिरवट शेवाळी साय आहे, तिवरांच्या कडेने गडद होत जाणारी. वरून पक्ष्यांच्या पायवाटा दिसतात. मोजत नाही, फक्त बघतो.

९.५० जेट्टी. ऑक्टोबरची काहिली सुरू झालीय. भाचीने टोपी विसरली, माझी घेतली.

१०.२० पाणी येतंय. भरतीचं पाणी लाटेसारखं येत नाही, चिखलाच्या नळ्यांमधून आधी आत शिरतं, मागून वेढा घालतं. त्याच्यापुढे पुढे सरकणारे पक्षी. पाण्यालगत कुरल आणि गॉडविट, लांब पायांचे, मागे राहणारे; सगळ्यांत पुढे, कोरड्यावर, चिखल्या आणि छोटे टिलवे. पाय जितके आखूड तितकी घाई.

१०.४५ पाणी बार्जला टेकलं. मोजणी सुरू. दहा पक्षी नीट मोजायचे, तेवढा तुकडा डोळ्यात धरायचा, मग तुकड्यांनी थवा कापत जायचं. मी गॉडविट, भाची बाकीचे.

११.०० माझ्या समोर, वीस पावलांवर, वाकड्या चोचीचा टिलवा, कर्ल्यू सँडपायपर. पिल्लू: पाठीवर खवले, छातीवर पीचच्या सालीसारखी हलकी झाक. चोच तोंडापर्यंत चिखलात गेली आणि अडकली. म्हणजे, अडकला तो किडा. पाय रोवले, मान मागे घेतली, किडा ताणत ताणत रबरासारखा लांब झाला, तुटेल असं वाटलं, तुटला नाही. पूर्ण निघाल्यावर त्याने तो दोन पावलं चालत पाण्यात नेला, खळबळून घेतला आणि मग गिळला.

या पक्ष्यांत नर अंडी उबवत नाही. मादीने अंडी घातली की जून संपता संपता निघतो. पिल्लं पायावर उभी राहिली की मादी निघते. पिल्लं शेवटी, कुणी दाखवणारं नसताना, आर्क्टिकहून इथवर. मी वीस वर्षांचा असताना कोल्हापूरच्या गाडीत चुकीच्या डब्यात बसलो होतो. असो. २०२४ मध्ये आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या जातीला ‘असुरक्षित’ वर्गात टाकलं. समोरचं पिल्लू लगेच दुसरा किडा शोधू लागलं.

११.१५ एका चिखल्याच्या पायात धातूचं कडं! बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कड्यांवर कळवण्याचा निरोप आणि क्रमांक कोरलेला असतो. सलीम अलींच्या पुढाकाराने १९५९ मध्ये हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. स्कोपमध्ये कडं चमकलं, अक्षर एकही लागलं नाही. तो तिरका होईल म्हणून थांबून राहिलो. तो एका पायावर उभा राहिला. कड्याचा पाय वर.

११.२० मोजणी बंद. गॉडविट ५४०, सगळे चिखल्या मिळून १४५, वाकड्या चोचीचे टिलवे ९६, छोटे टिलवे ६०, लाल पायांचे टिलवे ४८, बाकी २३. एकूण ९१२. बाकीत या मोसमातले पहिले तपकिरी डोक्याचे कुरव, चार. लवकरच बोटीवरून लोक त्यांना शेव घालायला लागतील. शेव मला आवडते, कुरवांना घालू नये.

चिखल्या ६० नीट पाहिले, पिल्लं २२.

१२.०५ दलदली भोवत्या, शिकारी पक्षी, तिवरांवरून खाली आला. टिलव्यांनी ओरड केली आणि सगळं आकाशात. हजारभर पक्षी एकदम वळतात तेव्हा आधी सगळे काळे, मग सगळे पांढरे. भोवत्याला काहीच मिळालं नाही. निम्मे परत बसले.

१२.३५ आता बसायला जागाच नाही. गॉडविट वीस-तीसच्या तुकड्यांनी उठून खाडीपलीकडे, पूर्वेला. ९१२ पैकी आम्ही निघताना जेट्टीसमोर राहिले दोन शेकाट्या आणि एक बगळा. लोक भर भरतीला येतात, पाणी बघतात आणि ‘शिवडीला पक्षी राहिले नाहीत’ म्हणून जातात. मीही साताठ वर्षांपूर्वी असंच म्हणून गेलो होतो.

१.२० पनवेल लोकल. पक्ष्यांना खाडी ओलांडायला काही मिनिटं, आम्हाला वडाळा, कुर्ला, मानखुर्द, वाशी करत पाऊण तास. डब्यात ट्रायपॉडला बघून एका आजींनी विचारलं, “जमीन मोजायला चाललात का?”

२.२५ सीवूड्स, पाम बीच रस्त्यामागची पाणथळ. भरती नुकतीच उतरायला लागलेली. आणि तिथे, घोट्याभर पाण्यात, गॉडविट. सगळे वाऱ्याकडे तोंड करून, एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून. अधूनमधून एखादा डोळा उघडून बघतो आणि मिटतो. शिवडीचेच हे, असं मी म्हणणार नाही, तसा काही पुरावा नाही. पण शिवडीच्या चिखलाला जोडलेली दुसरी खोली कुठेतरी अशीच असणार. पोट भरायला ओहोटीचा चिखल लागतो आणि चिखल बुडाला की सहा-सात तास कुणी न हुसकावणारी उथळ जागा लागते. झोप झाली नाही तर पिसं बदलायला आणि चरबी साठवायला लागणारी ताकद उडण्यातच जाते.

ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत गेलं. ऐरोली ते वाशी पुलांच्या मधला भाग. शिवडी त्यात नाही, हे तळंही नाही. पक्ष्यांना हद्दी दाखवलेल्या नाहीत.

एक कुत्रा काठाने पळाला. दोनशे गॉडविट उठले, फिरले, पुन्हा बसले. पुन्हा चोच पिसांत घालायला त्यांना चार मिनिटं लागली. भाचीने घड्याळ लावून बघितलं.

३.४० वडापाव. निघालो.

१२ ऑक्टोबर, रविवार

सगळ्या याद्या ईबर्डवर, पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, चढवल्या. भाचीचं मत: ऑगस्टचे चार आकडे काढून टाक, चुकीचे आहेत. मी ठेवले, प्रत्येकापुढे तिथी आणि ‘पाणी कुठे होतं’ हे लिहिलं. ४१० समोरची दोन उद्गारचिन्हंही तशीच.

ट्रायपॉडची चकती काल जेट्टीवर राहिली होती म्हणून संध्याकाळी गेलो. सापडली. काका पायरीवर बसून चिंबोऱ्यांचे डेंगे सुतळीने बांधत होते.

“किती झाली?” वर न बघता विचारलं.

“पाणी बार्जला टेकलेलं, चढतं. तेव्हा नऊशे बारा.”

त्यांनी गाठ मारली, चिंबोरी टोपलीत टाकली आणि पुढची उचलली.